न पडलेली रेघ

धारवाडहून फॉर्म आलाय, चार पानांचा.
तिसऱ्या पानावर एक चौकट, तळहाताएवढी:
'दहा वर्षांतील दीर्घकालीन लाभ.'
खाली बारीक अक्षरांत: आकड्यांत लिहावे.

मी सोसायटीची सेक्रेटरी, मालन बुचडी.
आकडे माझ्याकडं आहेत.
वडगावच्या तीन गल्ल्या, बेचाळीस घरं, एकशे अकरा माग.
देवळामागं तो पांढरा डबा,
आत बॅटऱ्या, आमच्या छपरांवरचं ऊन
दिवसभर गिळत बसलेल्या.
पहिल्या वर्षी शंभर टक्के भरायचा,
आता एकोणऐंशी.
कर्ज सातव्या वर्षी फिटलं, दिवाळीच्या आधी.
हे सगळं लिहिलं.
चौकट अजून अर्धी मोकळी.

लाभ म्हणजे काय, ते मागवाल्याला विचारा.
साडी निम्म्यावर आली असताना करंट गेला
की धोटा मध्येच थांबतो
आणि पुन्हा सुरू होताना कापडावर
एक आडवी रेघ उमटते, केसाएवढी.
उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही.
शेठ धरतोच उजेडात.
'सेकंड' म्हणतो, बाजूला टाकतो.
दीडशे रुपये त्या रेघेचे.

माझ्या आईनं जन्मभर सेकंडच्याच साड्या नेसल्या.
गल्लीतल्या बायका लग्नाच्या मांडवातसुद्धा
एकमेकींची रेघ ओळखायच्या:
ही मंगळवारची गं,
ही त्या वादळाच्या रात्रीची.

आता रेघ पडत नाही.
न पडलेल्या रेघा कुठल्या रकान्यात मांडू?

भांडणांनाही रकाना नाही.
डब्यावरचं नाव आधी मराठीत की आधी कन्नडमध्ये,
यावर सहा महिने डबा बिननावाचा राहिला,
मग नाव कुणालाच नको झालं.
आता टेम्पोवालेही पत्ता सांगतात, 'डब्याच्या मागं.'
शंकरव्वा युनिट कन्नडमध्ये मोजते, मी मराठीत.
मीटर दोघींचंही ऐकत नाही.

पाचव्या वर्षी निंगाप्पा सोंटक्कीनं
मोठी ऑर्डर होती म्हणून
तीन रात्री वाट्याबाहेरची वीज ओढली.
दंड बसला. पैसे नव्हते.
'कापड देतो की,' म्हणाला,
आणि मीटरच्या खोलीला पडदा शिवून दिला.
त्या पडद्यावर रेघ आहे, जुन्या ठाणातली.
दंड म्हणून दिला की टोमणा म्हणून,
आजवर कळलं नाही.

आषाढात ऊन नसतंच,
खरं मंगाईच्या जत्रेला माग बंद असतात
म्हणून डबा तरीही भरतो.
मग गल्लीत माळा लागतात, खेळण्यांचे स्टॉल लागतात.
कुणाच्या वाट्यातलं किती गेलं
ते त्या रात्रीपुरतं मी लिहीत नाही.
ऑडिटरला हे सांगू नका.

परवाच्या मीटिंगला उमाकांत म्हणाला,
बॅटऱ्या थकल्या, नव्यांसाठी पुन्हा कर्ज कशाला?
डबा मोडीत काढूया, बेचाळीस वाटे करूया,
ज्यानं त्यानं आपापल्या घरात बसवावं.
त्याचा हिशेब चुकला नव्हता.
आठ माग असलेल्याला तो बरोबरच येतो.
मग गंगव्वा उठली, एका मागाची मालकीण.
'माझ्या वाट्याला केवढी येईल?'
उमाकांतनं हातानं दाखवली. उशीएवढी.
'आणि मी आजारी पडले, माग बंद राहिला,
तर त्या उशीतलं ऊन कोण विणणार?'

पंख्याचा आवाज तेवढा.
ठराव झाला नाही. चहा झाला.

उद्या फॉर्म पोस्टात पडायला हवा.
ऑडिटचा नियम असा,
की मोकळी जागा उरली
तर तिच्यावर आडवी रेघ मारायची,
नंतर कुणी काही घुसडू नये म्हणून.

पट्टी ठेवली. पेन टेकवलं.
पलीकडं निंगाप्पाचा माग चालू होता,
खटखट, न अडखळता.

पेन उचललं.
खाली सही केली.
चौकट तशीच मोकळी जाऊ दे.